हे उघडच आहे

सहादेव : मुखपृष्ठ दाखवतो नंतर. आधी मला सांग, ही चटणी कशाला? उच्च गणिताच्या पुस्तकात चटणी!

रतन : चित्रात मेदूवडा काढलाय, मंग चटनी नको?

सहादेव : अगं, तो खायचा वडा नाही. मी लिहिलंय काय? न फाडता, भोक न बुजवता वडा ताणत दाबत नेला, तर त्याचा कप होतो. वड्याचं भोक ते कपाच्या कानाचं भोक. यात चटणीला काडीचं स्थान नाही.

रतन : तुमचं लिवनं वाचून आपल्या सोनई गावचं एक पोरगं तरी पान उलटंल का? चटनी बघून निदान थांबंल.

सहादेव : तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलंय मी.

रतन : व्हय, अन् तीस वर्षं मागचे बाक घोरलेत.

सहादेव : नववी नापास बायकोनं हे मला सांगावं!

रतन : नापास म्हनूनच इचारते. जरा अवघड आलं की तुमचं ठरलेलं, 'हे उघडच आहे.' कुनाला उघड हाय? माझी तर गाडी तिथंच रुतायची.

सहादेव : गणितात तसंच लिहितात.

रतन : आमची रंगुआत्या पुरनपोळी शिकवताना म्हनायची, "त्यात काय सांगायचं?" तिची पोळी जलमभर तव्यावर फुटली.

सहादेव : पोळीवर आलीस! मग चित्रं कशी काढलीस, न कळता?

रतन : कनकेचा गोळा घेऊन बसले. वड्याचा कप करून बघितला, कपाचा वडा केला. कळलं तवा रंगवलं. जिथं जिथं तुमचं 'उघडच' हाय, तिथं माझं चित्र हाय. बघा पानं चाळून.

सहादेव : ...बरं. राहू दे चटणी. केडगावला छापखान्यात संध्याकाळी पाठवायचंय सगळं. हे घे मुखपृष्ठ.

रतन : आना. शेजारच्या बायडाबाईला सांगून बसलेय, माझं नाव छापून येनार म्हनून. (मोबाईल लांब धरून) झ्याक हाय वडा. 'लेखक, प्रा. सहादेव...' अन् खाली?

सहादेव : खाली काय?

रतन : कोरंच हाय की. चित्रं कुनाची?

सहादेव : आता घरातल्या घरात नाव कसलं घालायचं? चित्रं तुझी, हे उघडच आहे.

रतन : कुनाला?