नावेच्या आईची जागा

(थायलंडच्या दक्षिणेकडचं एक लहान बेट. धक्क्यालगत लमुनबाईची भाताची टपरी. लमुन आणि तिची सून सायपिन कामात आहेत. सकाळची बोट नुकतीच लागली आहे.)

सायपिन : उतरली बघा. लाल टोपी. तीच.

लमुन : डोळे मलाही आहेत. तू मासे परत, करपतील.

सायपिन : करपू देत. अकरा महिने वाट बघितली मी हिची. टपरीत पाय ठेवू दे, चारचौघांत विचारते. म्हणावं, नावेच्या टोकावर नावेची आई राहते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं इथं. आम्ही तिथं फुलं बांधतो, रंगीत फडकी बांधतो. चुकून पाय लागला तर हात जोडतो. आणि तू माझ्या नवऱ्याच्या नावेवर तिथंच बूड टेकून बसलीस, फोटोसाठी!

लमुन : विचारून काय होणार? थावोन येणार आहे पोहत?

सायपिन : नाही येणार. ती गेल्यावर नवव्या दिवशी नाव उलटी मिळाली, माणूस मिळाला नाही. हे तिनं ऐकायला नको?

लमुन : परमुलखातली बाई. तिला काय कळतं त्यातलं.

सायपिन : सात वर्षं येते. तुमच्या चटईवर झोपते, तुमच्या ताटात जेवते. आपली भाषा शिकली, तुमच्या शिव्या शिकली. एवढंच तेवढं कळलं नाही? आणि आज तिची बाजू घेताय होय? देवळात बायका तिला चेटकीण म्हणत होत्या तेव्हा तर मान डोलवत होतात.

लमुन : त्या दिवसांत मी काय केलं ते मला आठवत नाही.

सायपिन : तुम्हाला? माझ्या लग्नात कुणी किती मासे खाल्ले ते आठवतं तुम्हाला.

लमुन : तोंड मिट. आली.

मारित : लमुनमावशी! जेवलात का? बघा, या वर्षी मी आधी विचारलं. दर वर्षी तुम्ही जिंकता.

लमुन : बस.

मारित : एवढंच? "किती वाळलीस गं, नॉर्वेतले बटाटे संपले काय" हे नाही म्हणणार?

लमुन : उन्हातून आलीस. बस म्हटलं ना.

मारित : सायपिन, बरी आहेस ना? हे घे, आमचं तपकिरी चीज. पहिल्या वर्षी मावशींनी साबण समजून धुण्याच्या दगडावर ठेवलं होतं ना, तेच. थावोनला आवडतं म्हणून या वेळी दोन आणली. कुठे आहे तो? बोट लागली की आधी त्याची शीळ ऐकू येते मला.

सायपिन : शीळ म्हणे. ऐकलंत, आई?

लमुन : समुद्रावर गेलाय.

सायपिन : हो. गेलाय. अजून आला नाही.

मारित : मग मी थांबते. त्याचा फोन कितीतरी महिने लागत नाही. मला वाटलं, परत पाण्यात पाडला असेल. त्याच्यासाठी एक फोटो आणला आहे. मोठा करून, काच लावून. विमानात मांडीवर घेऊन बसले होते.

लमुन : नंतर बघू. आधी जेव. आंबट रस्सा आहे.

सायपिन : मला बघू दे.

मारित : मी निघाले त्या दिवशीचा. बोटीची वाट बघणाऱ्या एका जर्मन म्हाताऱ्यानं काढला. थावोन केवढा हसतोय बघ! आणि मावशी गुडघाभर पाण्यात, लुंगी खोचून. सात वर्षांत यांचे दात मी फोटोत पहिल्यांदा बघितले.

सायपिन : तुझा हात कुणाच्या हातात आहे?

मारित : मावशींच्या. यांनीच तर मला वर चढवलं.

सायपिन : आई, तुम्ही म्हणाला होतात, मी वळेपर्यंत ती चढून बसली होती.

लमुन : टपरीत गिऱ्हाईक आहे, सायपिन.

सायपिन : असू दे. मारित, तू टोकावर का बसलीस?

मारित : मी नको म्हणत होते. ती जागा कुणाची ते मला ठाऊक आहे. थावोनही म्हणाला, "आई, तिथं नको." पण पलीकडे त्या सुकट वाळवणाऱ्या बायका आमच्याकडे बोट दाखवून हसत होत्या. मग मावशी चिडल्या. मावशी, सांगू ना? रागावलात का माझ्यावर?

सायपिन : सांग तू.

मारित : म्हणाल्या, "बघू देत त्या भवान्यांना. परकी कोण? ही माझी मुलगी आहे. नाव माझी, आणि नावेची आई माझं ऐकते. बस गं तू." म्हणून मी बसले. माझी आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. वर्षभर तेवढं एक वाक्य घेऊन मी हिंडले, सायपिन.

सायपिन : आई.

लमुन : मासे करपले.

सायपिन : अकरा महिने मी हिच्या नावानं बोटं मोडून झोपले. रोज. तुम्ही शेजारच्या चटईवर पडून ऐकत होतात.

मारित : कुणीतरी मला सांगा. थावोन कुठे आहे?

लमुन : गेला, पोरी. तू गेलीस त्यानंतर नवव्या दिवशी. सुळक्याच्या पलीकडे नाव उलटी तरंगत होती. तो सापडला नाही.

मारित : नाही. नाही, मावशी.

लमुन : मीपण असंच म्हणत होते. आठ दिवस.

मारित : मी बसले म्हणून?

सायपिन : सांगा तिला. आता तरी.

लमुन : शाळेतला मास्तर म्हणतो, वारा फिरला. त्या सकाळी वाराच नव्हता. मी दोन इयत्ता शिकलेली बाई, पण वारा मला कळतो. तू बसलीस ते माझ्या हुकमानं. बरं, बसलीस तर बसलीस, तेवढ्यानं काही बुडत नव्हतं. थावोन संध्याकाळी मला म्हणाला, "आई, फुलं बदल. नवी माळ बांध, हात जोड, चुकलं म्हण." एवढंच करायचं होतं.

सायपिन : मग का नाही केलं?

लमुन : त्या बायका बघत होत्या ना. माळ बांधली असती तर माझी चूक झाली असं दिसलं असतं. म्हटलं, उद्या बांधीन. दुसऱ्या दिवशीही त्या तिथंच. नऊ दिवस त्या मेल्या तिथंच सुकट वाळवत बसल्या होत्या.

मारित : मी आणते माळ. आत्ता जाते. आपण दोघी मिळून बांधू.

लमुन : कशाला बांधणार? नाव फोडून जाळली आम्ही.

मारित : मग मला इथं राहू द्या. भांडी घासीन, मासे साफ करीन. कुणी काहीही बोललं तरी ऐकून घेईन.

लमुन : दोनची बोट आहे. तिनं जा. आणि परत येऊ नकोस.

मारित : मी तुमची मुलगी ना?

लमुन : म्हणून तर. तू समोर आलीस की मला मी दिसते. ऊठ. ती पिशवी घे तुझी. ऊठ म्हणते ना!

सायपिन : गेली. धक्क्यावर उन्हात बसली आहे. टोपी इथंच विसरली.

लमुन : कात्री आण. मागचा पत्रा काढ, फोटो बाहेर घे. तिला कापून टाकू आणि थावोनला भिंतीवर लावू. ओळखपत्रावरच्या त्या फोटोत तो चोरासारखा दिसतो.

सायपिन : कुठून कापू? तिचा हात तुमच्या हातात, त्याचा हात तुमच्या खांद्यावर. तिला काढलं तर तुम्ही अर्ध्या जाता. तुम्हाला काढलं तर त्याचा हात जातो.

लमुन : मग तसाच लाव.

सायपिन : तुम्ही लावा. मी कपडे भरते. दोनच्या बोटीनं जाते मीपण, त्रांग शहराला, माझ्या आईकडे.

लमुन : त्याच बोटीत? तिच्या शेजारी बसशील?

सायपिन : टोपी द्यायची आहे तिची. आणि तिची माफी कुणीतरी मागायला हवी. तुम्ही तर मागणार नाही.

लमुन : कधी येशील?

सायपिन : तुमच्याकडून शिकले ना मी. समुद्रावर गेलेलं माणूस कधी येईल ते विचारायचं नाही.

लमुन : दोन घास खाऊन तरी जा. रस्सा आहे. वरचे चार मासे चांगले आहेत, करपले नाहीत.

सायपिन : तुम्ही जेवा, आई.