आईचा मोबाईल नंबर

आमच्या चालू सॉफ्टवेअरमधला, म्हणजे प्रॉडक्शनवरचा, बग आईने पकडला होता, ते सांगितलं का तुम्हाला?

कोविडमध्ये बॉर्डर बंद झाली आणि आई इथे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्सला आमच्याकडेच अडकली. जवळच्या क्लिनिकचं सॉफ्टवेअर मी घरून बघायचो. त्यात आईचा नंबर अजून पुण्याचाच होता. म्हटलं, इथला नवा नंबर घालायचा, दोन ओळींचं काम आहे, कोडमधूनच बदलू. पहिल्या ओळीत आईच्या नावाने फिल्टर लावला, पण फिल्टर होऊन आलेली यादी पुढच्या ओळीसाठी साठवून ठेवायलाच विसरलो. त्यामुळे दुसऱ्या ओळीतलं अपडेट सगळ्या पेशंटांवर चाललं आणि सगळ्यांच्या नावापुढे आईचाच नंबर लागला. मला पत्ताच नाही.

दुपारी क्लिनिकचे रिमाइंडर सुटले. मी मीटिंगमध्ये असताना आई फोन घेऊन आली.

"अरे, उद्या सकाळी नऊपासून दर पाच मिनिटांनी मला लस देणार आहेत. आणि दरवेळी नाव वेगळंच."

मी म्यूटवर नव्हतो. आमचा टीम लीड ग्लेन म्हणाला, "मेट, काय म्हणतायत त्या?"

मी भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, "बॅकअप काढ."

तासाभरात सगळ्यांचे जुने नंबर परत आणले. आईचासुद्धा, पुण्याचा.

"आता तुझा बदलतो," म्हटलं.

"तू राहू दे," आई चपला घालत म्हणाली. "मी रिसेप्शनवर जाऊन सांगते."