जाड पाइप

२००४ साली नळाच्या सामानाच्या दुकानात मी तोटी घ्यायला उभी होते. माझ्यापुढे साठीतलं एक जोडपं होतं आणि त्यांचा प्लंबर.

“काका, बाथरूममध्ये दोन शॉवर म्हणताय, पण दोन्ही एकदम चालणार का?”

“छे, छे! आळीपाळीने.”

“एकदम,” काकू म्हणाल्या.

“अगं, हळू. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. ह्यांचा उजवा हात वर जात नाही रे. मी पाठ चोळायला जाते आणि रोज कपड्यांसकट भिजते.”

“मग येऊ नकोस आत!”

“आणि मागच्या महिन्यासारखे पुन्हा पडलात तर?”

काकांनी प्लंबरकडे पाहिलं.

“दोन्ही एकदम हवेत तर पाइप जाड लागेल. नाहीतर दोघांच्याही डोक्यावर नुसतं ठिबकत राहील.”

“मला गार पाणी लागतं. हिला उकळतं.”

“नळ वेगवेगळे देतो की!”

“बरं, जाडच टाक. आणि दाराला कडी भक्कम लाव. घरात सून आहे.”

पुढे तोच प्लंबर माझ्याकडेही कामाला येऊ लागला. लग्न ठरल्यावर त्याने स्वतःच्या घरीही जाड पाइप टाकला. काका नऊ वर्षांनी गेले. तोवर एकदाही पडले नाहीत. काकूंनी परवाच त्याला बोलावून दोन्ही शॉवरच्या जाळ्या साफ करून घेतल्या.