हातपंपाखालचा डबा

अमेरिकेतल्या ब्लू रिज डोंगरांच्या घाटरस्त्यावर आयडेला कॉफीच्या रांगेत उभी होती. शेजारच्या हिरवळीवर आग विझवायचा जुना हातपंप मांडलेला होता. शोधाशोधीच्या एका खेळात लोकांनी मोबाइलवरच्या खुणेवरून शोधून काढावा म्हणून तिने त्यात एक डबा लपवला होता. वर्षभरात तो कुणालाच सापडला नाही, म्हणून आज ती तो काढून न्यायला आली होती. पंपापाशी एक म्हातारं जोडपं वाद घालत होतं.

“थर्मन, आपण डबा शोधायला आलोय. तू पंप काय बघत बसलास?”

“अगं लवर्न, पितळ बघ कसलं आहे. दांडा खाली-वर करायला दोन्ही बाजूंना चार-चार माणसं लागायची याला.”

“सकाळपासून हा तिसरा बंब. झुडपं मात्र मी एकटीच धुंडाळतेय.”

“नाही सापडत, तर राहू दे.”

“राहू दे तर राहू दे. चल, गाडीत बस.”

डबा कुठे आहे ते आयडेलाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण या खेळात सांगायचं नसतं.

“एकदाच दांडा दाबून बघतो.”

“कंबर धरली तर मी नाही हं उचलणार.”

“हा बघ, हलतोय अजून. तुझ्या बाजूचा वर गेला ना?”

“गेला. थर्मन, सोडू नकोस.”

“का गं?”

“दांड्याखाली डबा आहे. तू सोडलास तर माझा हात चेंगरेल.”

“इतक्या वर्षांत कधी सोडलाय का?”

“गप्प बस आणि दाबून धर.”

“मॅडम, तुम्हाला काय देऊ?” दुकानदाराने दुसऱ्यांदा विचारलं.

“तीन कॉफी,” आयडेला म्हणाली.