नागरिकशास्त्राच्या पेपरातली फुली

अरे, तो चहा ठेव बाजूला, डोकं फिरलंय माझं. आमच्या मासळीवाल्या मावशींचं निराधार पेन्शन अडलंय, म्हणून त्यांना घेऊन आज पाचव्यांदा कल्याणच्या ऑफिसात गेलेलो. शेवटी काउंटरवर हात आपटला. "म्हातारपणी सरकारनं मदत करावी, असं संविधानात लिहिलंय. कोर्टात जाईन!"

क्लार्क हसला. "सर, मी तुमचा विद्यार्थी. दहावीत नागरिकशास्त्राच्या पेपरात मी हेच लिहिलेलं, की यासाठी कोर्टात जाता येतं. तुम्ही फुली मारलेलीत. म्हणालेलात, ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं, सरकारवर सक्ती नाही."

मावशींनी विचारलं, "मास्तर, काय बोलतो तो?"

काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं, "मावशी, कार्ट्याचं उत्तर आज बरोबर आलं."