तुल्किनची उष्टी रोटी

—नाही ना पटत? मग नको पटवून घेऊस. माझ्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव, तुला मानलं! राजधानीहून आलास, बगलेत फाईल, बुटाला आमच्या गल्लीचा चिखल, आणि बसल्या बसल्या काय केलंस? रोटी पालथी ठेवलीस अंथरलेल्या दस्तरखानावर. पालथी! सरळ कर आधी. हां. तोंडावर झोपवतात का कधी रोटीला? तुमच्या त्या मिलिटरी कॉलेजात हेच शिकवत असणार, पोरांनाही तसंच झोपवलं मेल्यांनी. पी, चहा पी. असा बघू नकोस पियाल्यात, विष नाही घातलं. आज नाही घातलं.

तर काय म्हणत होतास? कॉलेज बंद पडलं, ते मोठं राज्यही मोडलं, आता नदीपलीकडच्या लढाईत पडलेल्या पोरांचे सगळे कागद एका छताखाली आणताय. आणा की, कोण अडवतंय? कॉलेजातलं कपाट उघडलं, लष्कराच्या कचेरीतलं उघडलं, म्युझियमचं उघडलं, आणि तिन्हींतून निघाली एकेक उष्टी रोटी. तिन्हींवर चिठ्ठी एकच, तुल्किनची, माझ्या पोराची — आणि चावे तीन तऱ्हेचे! थांब रे, हसू दे मला. पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं वाट बघत होते, कुणीतरी शहाणा तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघेल म्हणून. तो तू निघालास. कानांवरून वाटत नाहीस शहाणा.

"खाला, खरी कुठली तेवढं सांगा, एक काचेत ठेवू, बाकीच्या टाकून देऊ." टाकून देऊ म्हणे! रोटी टाकणारा माणूस माझ्या दारात आला आणि मी त्याला चहा पाजतेय. तुझ्या आईनं टांगली होती का रे तुझ्यासाठी? पोरगा फौजेत निघाला की उंबऱ्यात एक घास तोडतो, उरलेली भिंतीवर टांगायची, परत येऊन त्यानंच ती संपवायची, बाकी कुणी हात लावायचा नाही — नाही टांगली? गेलाच नाहीस फौजेत? वाटलंच. हात बघ कसे, लोण्याचे.

मग तुला काय कळणार! रोटी दिली म्हणजे काय दिलं? तो येणार नाही, हे मी माझ्या तोंडानं कबूल केलं. आणि हे मागायला येतात, टोपी काढून, गोड बोलून. पहिला आला कॉलेजचा कर्नल. वीरांचा कोपरा करतोय म्हणाला. म्हटलं, बसा हं साहेब, आत आहे, आणते. तंदूरमधून ताजी काढली आणि भिंतीवरून हाक मारली शेजारच्या सोतीबोल्दीला, ए, चाव! त्याचे पुढचे सोन्याचे दात. मेल्यानं अर्धी रोटीच नेली! म्हटलं, अरे माझा पोरगा होता, घोडा नव्हता. चुलीच्या धुरात जरा वाळवली, फडक्यात बांधली, दिली. कर्नलनं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, वर मुका घेतला! सोतीबोल्दीच्या थुंकीचा मुका! लष्करवालीला दिली ती पलीकडच्या घरातल्या ओयनिसानं चावलेली, तिच्या दातांत फट, गाढवाचं पिल्लू जाईल एवढी. ती बाई त्या फटीवर रडली रे. आणि म्युझियमवाला आला तेव्हा सोतीबोल्दी मातीत गेलेला, ओयनिसा लेकीकडे, म्हणून मग मीच चावली. वरचे दोन दात तेवढे राहिले होते माझे. ऐन तरण्या पोराला दोनच दात, हे नाही विचारलं हो त्यानं! चिठ्ठी चिकटवली आणि गेला.

तिकडे काय बघतोस? हो, खिळा आहे. फडकं आहे. खरी तिथंच आहे, आणि तिथंच राहणार. हात लावलास तर बोटं मोडीन. येईल तो. तिकडेच राहिला असेल आमू नदीपलीकडे, लग्नबिग्न केलं असेल, बायको करपवत असेल रोट्या, आठवण येत असेल माझी —

पेटी? कुठली पेटी? हां, ती जस्ताची, तुल्किन म्हणून आणून दिलेली. लिहिलंय वाटतं तुझ्या फाईलमध्ये. लिहिलंय, त्यात कोण होतं ते? चारी बाजूंनी सांधलेली, उघडायची नाही, हुकूम आहे. कर्नल त्यावर हात ठेवून उभा, त्याच्या बापाची पेटी असल्यासारखा! अरे, तुल्किन या दारातून वाकल्याशिवाय कधी आत आला नाही. आणि पेटी बघशील तर एवढीशी. त्याचे पाय नसते मावले तिच्यात. ओरडले मी, हा नव्हे माझा! कुणी ऐकलं? फावडी चालायला लागली. मग मी काय करणार? माझा असेल तर रोटी त्याचीच होती, दुसऱ्या कुणाचा असेल तर तोही पोरच, उपाशीच गेलेला, म्हणून माती पडायच्या आधी मी ती उशाशी —

काय? काही नाही म्हणाले. काही नाही म्हणाले मी! बस खाली. बस म्हणते ना! नको काढूस ते — सोड — झालं? बघितलंस? रिकामंच आहे. रोज झटकते, रोज बांधते. भरलं पोट?

पेन ठेव. फाईलमध्ये त्याच्या नावापुढची जागा कोरी आहे ना, कोरीच राहू दे. तिन्ही रोट्या ठेव काचेत, हसू देत लोकांना. सरळ ठेव मात्र.

ऊठ आता. आणि ती अर्धी रोटी कुठं ठेवून चाललास? खिशात घाल. चावा घेतलेली रोटी माझ्या घरात राहिली की मला वाट बघावी लागते. तुझी नाही बघायची मला. जा. जा म्हणते ना!