समाधानचं वजन

नाही मॅडम, इथूनच सांगतो ना — काट्याजवळ नाही येत मी. उंची मोजा, पोटऱ्या मोजा, हाडं मोजायची तर तीपण मोजा, पण वजन सगळ्यात शेवटी. घाबरतो? मी? आमच्या रग्बीच्या भाईदास सरांना विचारा, त्यांच्या शिट्टीत मिरचीपूड मीच भरली होती — अर्धा तास ओठ असे माकडासारखे करून बसले होते, आणि मी पळालोसुद्धा नाही, उलट तांब्याभर पाणी आणून दिलं. तर घाबरण्याचं नका सांगू. तुम्ही समाधानचं विचारत होत्या ना? विचारा. पुण्याहून असोद्याला त्याच्यासाठीच आलात, दिसतंय — त्या वहीत त्याच्या आकड्यांना लाल गोल केलाय. मला उलटं वाचता येतं. सुलटं जरा अडखळतं, पण उलटं बरोबर येतं.

जूनला एक्केचाळीस किलो, जुलैला बावन्न. बरोबर? एका महिन्यात अकरा किलो — आणि तीस मीटर पळायला वेळ तेवढाच, अर्धा सेकंदही जास्त नाही. म्हणून तुम्हाला नवल. वाढत्या वयातली पोरं जड झाली की सुरुवातीला मंद होतात, हा का नाही झाला — हेच ना? तुम्ही त्याच्यावर काहीतरी लिहिताय, सर सांगत होते. एकदम वाढणाऱ्या पोरांची हाडं कच्ची राहतात, म्हणून मान गेली त्याची, असं. — नका लिहू मॅडम. म्हणजे लिहा, पण ते नका लिहू.

आता बघा, आमच्या शाळेचा काटा मोडलेला. म्हणून रग्बीची सगळी पोरं दर महिन्याला केळीवाल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर — मोठा, पत्र्याचा, घड मोजायचा. पोरगं मागे पाटावर, आकडा पुढे खांबावर, सर खांबाजवळ वही घेऊन. आणि मी पोरांच्या मागे. का? सर म्हणाले, तू मोकळा राहिलास की उद्योग करतोस, तू सगळ्यांना खांद्याला धरून सरळ उभं कर. दिलं काम. आता केळीच्या काट्याचं तुम्हाला माहीत नसेल — माल मोजताना व्यापाऱ्याचा माणूस खालून बोटांनी पाट उचलून धरतो आणि शेतकऱ्याचा माणूस मागून टाच टेकवतो. दोघांना माहीत, दोघं गप्प, सरतेशेवटी आकडा बरोबर येतो. मी लहानपणापासून बापाबरोबर कापणीला जातो, टाच माझी तयार आहे.

तर जुलैला समाधान पाटावर चढला, तेव्हा टेकवली. हसायला टेकवली हो. मला वाटलं सर म्हणतील, काय रे, घड गिळला का — पोरं हसतील, मी पाय काढीन, संपलं. पण सर हसले नाहीत. चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाले, ‘अरे वा, अंग धरलं पोरानं.’ आणि समाधान... त्याला सगळे काडी म्हणायचे. चौदाचा झाला तरी नववीच्या रांगेत सगळ्यात पुढे. तो पाटावरून उतरला ना, तो उतरताना वेगळाच होता. स्वतःच्या दंडाकडे बघत होता, जसा दुसऱ्याचा दंड आहे. घरी पळत गेला. सारिका काकूंनी — त्याच्या आईने — खापरावरचे मांडे केले, मलापण बोलावलं. मी खाल्ले. चार खाल्ले. आता कोणत्या तोंडाने सांगणार? तोंडात मांडा होता.

मग ऑगस्टला परत टाच. नाही टेकवली तर वजन उतरलं असतं, आजारी आहे म्हणून दवाखान्यात नेलं असतं त्याला. त्रेपन्न केले. एकच वाढवला, म्हटलं बेतानं घ्यावं. — हसू नका. नाही, तुम्ही हसतच नाही म्हणा.

सरांचा नियम तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच घालून दिलाय — पन्नासच्या खालचा पोरगा स्क्रममध्ये नाही, बाजूला पळायला. समाधान बाजूलाच पळायचा, आणि काय पळायचा, वाऱ्याला शिव्या द्यायला लावायचा. पण बावन्नचा झाला म्हणून सरांनी मध्ये घेतला. स्क्रम म्हणजे तिघांविरुद्ध तिघं, डोकी खाली, खांद्यात खांदा, आणि ढकलायचं. सराव होता आमचा आमच्यात, तोवर निभलं. सप्टेंबरला धुळ्याला सामना, देवपूरच्या मैदानावर. समोरचा पोरगा दाढी करून आला होता मॅडम, गालाला कापलेलं होतं. मी राखीव, रेषेबाहेर बसलेलो. मला ओरडता आलं असतं. एकच वाक्य — सर, ते एक्केचाळीसच आहे. मी शेंगा सोलत होतो.

आवाज येतो म्हणतात ना, मोडल्याचा? नाही आला. काहीच आवाज नाही. स्क्रम बसला, सगळे उठले, तो नाही उठला. पहिला मी पोचलो. तोंडात माती, डोळे उघडे, मला म्हणतो, ‘भो, माहे पाय कुठी गेले?’ मी खरंच बघितलं हो — पाय बघितले. होते. जागेवर होते.

तुम्ही एक सांगा मला. मघाशी त्या बारक्या पोराला सांगत होत्या ना, उंची आधी वाढते, वजन मागून येतं. मग याची उंची तेवढीच, वजन अकरा किलो — जुलैला सरांनी आकडे पाठवले तेव्हा तुम्हाला नाही खटकलं? एक फोन? मी नववीला दोनदा बसलेला, मला कोण विचारतं, पण तुम्ही शिकलेल्या... जाऊ द्या. तुमचा पाय नव्हता. माझा होता.

आता चार महिने झाले. डाव्या हाताची मूठ होत नाही, पाय थोडे हलतात, मागून कुणी काखेत धरलं तर उभा राहतो. आणि तो वाढतोय मॅडम. आता वाढतोय, खाटेवर. पाय खाटेबाहेर आलेत, मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय — हाक मारली की मला वाटतं त्याचा बाप घरात आहे. मी रोज जातो. रोज पाय जरा जास्त बाहेर असतात. मी बघायचं नाही म्हणतो आणि आधी तेच बघतो. एसटीच्या पायरीवर टाच टेकली ना, तरी मला खाली काहीतरी दबल्यासारखं होतं, आणि वर कुणाचातरी आकडा वाढल्यासारखा.

आज तो येणार आहे इथे. तुमचं मशीन आलंय कळलं त्याला, काकूंच्या मागे लागला, वजन करायचंच. रिक्षा सांगितलीय. काल मला म्हणाला, ‘यावेळेस मले तूच धर मागून. नेहमीसारखा.’ — नेहमीसारखा म्हणजे काय? सगळ्यांना धरायचो म्हणून? की — मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. हसत होता. पण तो आता हसतो ते अर्धंच हसतो, त्यातून काही कळत नाही. त्याला माहीत असेल का हो? माहीत असेल तर चार महिने मला केळी का देतो सोलून, एका हाताने? आणि नसेल माहीत, तर तुमच्या खऱ्या मशीनवर काय येईल — सेहेचाळीस? पंचेचाळीस? काय सांगणार त्याला, कुठे गेले बाकीचे?

मी धरलं तर मी उचलून धरीन की दाबीन, मला माझाच भरवसा नाही. तुम्ही धरा. तुमचा हात साफ आहे. आकडा तुम्हीच वाचा, मोठ्याने, जो येईल तो, आणि मग जे सांगायचं ते —

थांबा. रिक्षाच आहे. काकूंचा आवाज.

वही मिटा मॅडम. तो मलाच हाक मारतोय.